पंपवाल्या दादांचे वज्रपुरीतले रविवार

तीन महिने परदेशात राहूनही जो क्षणभरसुद्धा रत्नागिरीबाहेर पडला नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विमानात बसल्या बसल्या त्यांनी खिडकीच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "येश्टीपेक्षा बरी हाय. पन हलते तेवडीच." बँकॉकच्या विमानतळावर उतरल्यावर पहिला श्वास छातीभर घेतला आणि जाहीर केलं, "हवा आपलीच हाय, सायेब. खारी. जरा गोडी कमी." सयामच्या राजांचे सोन्याचे कळस पाहताना त्यांना रत्नागिरीचं दीपगृह आठवायचं, आणि तिथल्या आंब्याची फोड तोंडात टाकली की ते डोळे मिटून बराच वेळ चघळत बसायचे. न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी थांबतात तसे. मग डोळे उघडून, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणायचे, "आंबो बरो हाय. पन हापूस न्हवं."

आमच्या कोळंबी केंद्रात सगळे त्यांना 'पंपवाले' म्हणत. मी दादा म्हणायचो. रत्नागिरीजवळ खाडीकाठी ते केंद्र होतं. समुद्राचं पाणी हौदात खेचायचं, त्यात कोळंबीची पिल्लं वाढवायची, आणि ती मरू नयेत म्हणून चोवीस तास पाण्यात हवा सोडत राहायची, असा आमचा उद्योग. पिल्लं कशी जगतात हे मी कॉलेजात शिकून आलो होतो. ती प्रत्यक्षात जगत होती ती दादांमुळे. पन्नाशीचे, काटकुळे, खाकी अर्धी विजार आणि वर कायम धुतलेला पांढरा सदरा; खिशात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. पंप बिघडला की ते त्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डॉक्टरसारखे गंभीर होऊन ऐकत. "दम लागलाय," म्हणत. किंवा, "आतून खाल्लंन हाय त्याला." पंप उघडला की निदान अचूक निघे. ही सवय पुढे इतकी वाढली की जे दिसेल ते ठोकून किंवा ऐकून पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. भिंती, खांब, नारळ, नवीन साहेबांचं टेबल. एकदा तर आमच्या मोठ्या साहेबांच्या भाषणानंतर ते माझ्या कानात पुटपुटले, "पोकळ हाय. वाजतो तेवडाच."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. थायलंडमधल्या कोळंबीच्या बीज केंद्रात प्रशिक्षणासाठी दोन माणसं पाठवा, असं पत्र आमच्याकडे आलं. मोठ्या साहेबांनी लगोलग नवा सूट शिवायला टाकला. पण पत्राच्या खाली एक ओळ होती: दोघांपैकी एक जण रोज स्वतः पाण्यात हात घालणारा असावा. साहेबांनी पाण्यात हात घातल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. शेवटी माझं नाव गेलं आणि माझ्यामागे दादांचं. पासपोर्टासाठी फोटो काढायला ते आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत बसले आणि फोटोग्राफरच्या दिव्याचा खांब ठोकून आले.

ते मूळचे खेडच्या बाजूचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर वाडीबरोबर बौद्ध धम्म घेतला होता. वडिलांना अक्षर येत नव्हतं; पण संध्याकाळी मास्तर येऊन वंदना शिकवत, ती त्यांनी नांगरामागे चालता चालता पाठ केली आणि मुलांकडूनही करून घेतली, असं दादा एकदा पंपाचं ग्रीस बोटाने पुसता पुसता सांगून गेले होते. मी शेतकरी कुळवाडी घरातला. ऐकलं आणि विसरलो. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. न बोलण्यालाच मी तेव्हा चांगुलपणा समजत असे.

आम्ही ज्या खेड्यात राहिलो ते बँकॉकच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, मिठागरांच्या मधोमध होतं. पांढरे मिठाचे ढीग, माड, खाडी, वाळत घातलेली सुकी मासळी आणि लाकडी खांबांवर उभी घरं. गावाचं नाव दादांच्या जिभेवर एकदाही नीट बसलं नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या भाट्ये गावाचं नाव दिलं आणि प्रश्न मिटवला. नावं ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. केंद्रात इंग्रजी जाणणाऱ्या एक बाई आमच्यासाठी नेमल्या होत्या. दादांनी त्यांना आपुलकीने 'ताई' म्हणायला सुरुवात केली. बाई प्रत्येक वेळी दचकायच्या. सकाळी दारात उभे राहून दादा हात जोडून प्रेमाने म्हणायचे, "काय ताई?" आणि बाईंचा चेहरा उतरायचा. चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे गृहस्थ मला रोज 'मर' असं का म्हणतात? त्यांच्या भाषेत 'ताय' म्हणजे मरणं! दादांना हे सांगितल्यावर त्यांनी कानाला हात लावले, जेवण टाकलं, आणि संध्याकाळी बाईंच्या पंख्याला तेल घालून प्रायश्चित्त घेतलं. त्या दिवसापासून बाई 'अक्का' झाल्या.

भाषेविषयी त्यांचा सिद्धान्त सोपा होता: मराठी सावकाश आणि मायेने बोललं की कोणालाही कळतं. मासे विकणाऱ्या म्हातारीशी ते अर्धा अर्धा तास बोलत बसत. ती थाईत, हे संगमेश्वरी मराठीत. परत येऊन मला सांगत, "तिचा झील बँकॉकात असतो. पैसे धाडीत नाय." पुढे अक्कांकडून चौकशी केली तर म्हातारीच्या मुलाची बातमी खरी निघाली. देवळाला तिकडे 'वाट' म्हणतात हे कळल्यावर मात्र ते पोट धरून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "पन बरोबर हाय सायेब. देऊळ म्हंजे वाटच आसायला हवी. आमच्याकडं भिंत केलानी." मी त्या वेळीही ऐकलं, आणि पुढे चालू लागलो.

दर रविवारी केंद्राची उघडी गाडी आम्हा परदेशी शिकाऊ लोकांना आसपासचे जुने राजवाडे आणि देवळं दाखवायला न्यायची. आमच्याबरोबर श्रीलंकेचे एक डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ होते, बांगलादेशाचे दोन तरुण होते, फिलिपिनी एक जण होता. जिल्ह्याचं शहर तासाभरावर. फेचबुरी त्याचं नाव. ते मूळचं 'वज्रपुरी' आहे असं अक्कांनी सांगितल्यावर दादा गाडीत उभेच राहिले. "आपली रत्नागिरी, ही वज्रपुरी! सोयरीक हाय सायेब, सोयरीक!" त्यात त्या शहराच्या डोंगरावरच्या राजवाड्याच्या नावात 'नगर' आणि 'गिरी' हे दोन्ही शब्द निघाले, तेव्हा तर त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यानंतर प्रत्येक वास्तू पाहताना, आपण पाहुणे नसून मुलीच्या सासरी आलो आहोत, असा त्यांचा रुबाब असे.

राजवाडा पाहण्याची त्यांची रीत वेगळी होती. बाकी लोक सिंहासन पाहत, झुंबरं पाहत. दादा छताच्या पन्हळी पाहत. पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठे जातं, भिंतीला ओल आहे का, पायाला काय घातलंय. देवळात गेले की आधी हात जोडून बराच वेळ उभे राहायचे, आणि मग हळूच एखादा खांब ठोकायचे. सागाचा असला तर समाधानाने माझ्याकडे पाहायचे, जणू तो त्यांच्याच गावचा होता. आणि प्रश्न! त्यांचे प्रश्न मला इंग्रजीत अक्कांना विचारावे लागत. हा कळस घासतो कोण? राजाच्या आंघोळीचं पाणी तापवायला लाकूड कुठलं? ह्या एवढ्या मोठ्या जमिनीला केरसुण्या किती लागत असतील? सुरुवातीला मी विचारले. मग निम्मे गाळू लागलो. मग सांगू लागलो, की विचारलं, त्यांना माहीत नाही म्हणतात. खरं म्हणजे मला लाज वाटू लागली होती. वय सव्वीस, नवी पदवी, पहिला परदेश. चारचौघांत आपण कसे दिसतो याचाच मला दिवसरात्र घोर होता.

डोंगरावरच्या राजवाड्याचा रविवार आला. वर जायला फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना चाफ्याची झाडं. दादा म्हणाले, "ह्यो तर आमचा खुरचाफा," आणि एकेका झाडाची विचारपूस करत चढले. वाटेत माकडांनी त्यांच्या पिशवीतली सुकटीची पुडी पळवली. दुसरा कोणी ओरडला असता, दादांनी माकडाला सांगितलं, "खा, पन पानी पी वरून. खारट हाय." वर राजवाड्याच्या दालनांत दोर बांधलेले, आत पलंग, आरसे, चिनी मातीची भांडी. श्रीलंकेचे डॉक्टर मला इतिहासातलं काहीतरी गहन समजावत होते, आणि दादा माझी बाही ओढत होते. "सायेब, तेवडा एकच विचारा. एवड्या डोंगरावर राजान पानी कसा चडवलान? हितं तर विहीर दिसत नाय." मी हळूच म्हटलं, "दादा, नंतर." ते थांबले. पुन्हा बाही ओढली. मी झटकली. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. पाहतो तर दादा दोर ओलांडून मागच्या सज्जात उतरलेले, आणि पहारेकरी त्यांच्यामागे धावतोय. सगळे वळून पाहू लागले. फिलिपिनी हसला. डॉक्टरांनी मला विचारलं, "हे तुमचे वरिष्ठ सहकारी ना?"

आणि मी इंग्रजीत म्हणालो, "छे, छे. तो नुसता मेकॅनिक आहे. शिकलेला नाही. आमच्या बरोबरीचा नाही तो."

मी वळलो तेव्हा दादा माझ्यामागे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पहारेकऱ्याची समजूत काढून, घामेजलेले, डोळे लकाकत, काहीतरी सापडल्याच्या आनंदात ते मला सांगायला आले होते. "सायेब, मागं टाकी हाय, पावसाचा पानी..." एवढं बोलून ते थांबले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण 'मेकॅनिक' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे, आणि माझ्या आवाजाला भाषांतराची गरज नव्हती. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं, नीट घडी केली आणि राजवाड्याच्या पायऱ्या उतरून खुरचाफ्याखाली जाऊन बसले.

पुढच्या रविवारी गाडी दाराशी आली तेव्हा ते म्हणाले, "तुमी जाऊन या सायेब. मला पंपाचा काम हाय." पंपाला काही झालेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बोलण्यात राग नाही, रुसवा नाही. काम तितकंच चोख, 'सायेब' तितकंच आदबशीर. एखादं दार जोराने आपटलं तर माणूस निदान ते उघडायला तरी जातो. हे दार इतकं हळू लागलं होतं की आवाजच झाला नव्हता. त्या दोन रविवारी मी एक मोठी गुहा पाहिली. डोंगराच्या पोटात, वर छताला भगदाड, आणि दुपारच्या वेळी त्यातून उन्हाचा खांब थेट बुद्धाच्या मूर्तीवर उतरलेला. शेजारी सगळे 'वा' म्हणत होते. मला तो उन्हाचा खांब कोणीतरी ठोकून पाहावासा वाटत होता. लाजेपासून सुटका झाल्यावर मोकळं वाटेल अशी माझी कल्पना होती. मला इतकं एकटं त्या देशात आधी कधीच वाटलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी पोट दुखतंय सांगून मागे राहिलो. दादांना शोधायला पंपघरात गेलो, तिथे नव्हते. मासे विकणाऱ्या म्हातारीचं दुकान बंद. गावात चिटपाखरू नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि सगळं गाव खाडीकाठच्या देवळात जमलं होतं. लहानसंच देऊळ, पत्र्याच्या सभामंडपाचं, मागे माडांची रांग. पायऱ्यांशी चपलांचा ढीग. त्यात दादांच्या कोल्हापुरी चपला. मी खालीच थांबलो. आत पांढरे कपडे घालून बायका बसल्या होत्या, मागे पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे, अगदी उंबऱ्याला चिकटून, दादा.

भिक्खूंनी म्हणायला सुरुवात केली आणि सगळं गाव त्यांच्यामागून म्हणू लागलं. "फुत्थंग सरनंग खच्छामि..." मला ते थाईच वाटलं. पण दादांची पाठ ताठ झाली. त्यांनी कान पुढे केला, पंप ऐकताना करतात तसा. आणि पुढच्या ओळीला त्यांचा आवाज उठला. चिपळूण-खेडच्या हेलातला, कोरडा, स्वच्छ: "धम्मं सरणं गच्छामि." पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या. मासेवाली म्हातारी तोंडावर हात घेऊन बघत राहिली. दादा थांबले नाहीत. गाव आपल्या उच्चारात, दादा आपल्या. दोन्ही सूर एकमेकांना अडखळत, सावरत पाच शीलांपर्यंत बरोबर आले. शिकवणाऱ्या मास्तरांना अक्षर न अक्षर नीट लागायचं, असं दादांचे वडील म्हणत. ते सगळं नीटपण त्या मंडपात उतरलं होतं.

संपल्यावर सगळ्यांत वयस्क भिक्खू उठून मागे आले आणि त्यांनी दादांचा हात धरला. पुढे चला, अशी खूण केली. दादांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, "मी?" भिक्खू हसले. तेव्हा उठता उठता दादांनी एकदा मागे वळून पाहिलं. मी पायरीखाली होतो. त्यांना दिसलो नसेन. पण त्यांची ती नजर मी पाहिली. ती कोणाला शोधत नव्हती. ती कोणाची तरी वाट अडवणारी हाक येते का ते पाहत होती. हाक आली नाही. भिक्खूंनी त्यांना थेट मूर्तीपाशी नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

आमच्या गावच्या देवळात पालखीच्या दिवशी पायरीखाली उभी राहणारी माणसं मी लहानपणी दर वर्षी पाहिली होती. त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं, हे मला त्या परक्या खाडीकाठी प्रथमच जाणवलं.

दादा बाहेर आले ते अर्ध्या गावाला घेऊन, आणि पायरीशी मी दिसल्यावर मलाही त्यांनी बरोबर घेतलं. देवळाची पाण्याची मोटर महिनाभर बंद होती, ती त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून तिथल्या तिथे तपासली आणि संध्याकाळपर्यंत चालू करून दिली. परतताना आमच्या दोघांच्या हातात शहाळी, ताडगुळाच्या ढेपा आणि केळीच्या पानात बांधलेला भात होता. बांधावरून चालताना मी कसंबसं म्हटलं, "दादा, त्या दिवशी डोंगरावर मी जे बोललो..."

"तुमी काय खोटा बोल्लाव?" ते म्हणाले. "मेकॅनिकच हाय मी. शिकलेलो नाय." थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पन शेवटचा बोल्लाव ता कळला नाय मला. ता काय होता?"

मी ते मराठीत सांगितलं. शब्द न गाळता. आयुष्यात इतकं कठीण भाषांतर मी पुन्हा केलं नाही. दादा मिठागराच्या बांधावर उभे राहिले.

"आज आत जाताना मला वाटला, कोनतरी मागून वरडनार," ते म्हणाले. "ए, कुटं चाल्लास म्हनून. पन्नाशी झाली सायेब. देश दुसरा, देऊळ आपला, आनि तरी पाय वळला." मग एकदम त्यांनी माझ्या हातातलं शहाळं ठोकून पाहिलं. "ह्यात पानी कमी हाय. ता माजा घ्या."

शेवटच्या रविवारी ते गाडीत बसले. निघतानाच मी अक्कांना सांगून टाकलं, की आज हे जे विचारतील ते सगळं मी विचारणार आहे आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही. आम्ही जुन्या सुवर्णाराम देवळात गेलो. सबंध सागवानी सभागृह. दादांनी अकरा खांब ठोकले, मी अकरा वेळा अक्कांना खांबाचं वय विचारलं. कोरीव दाराच्या फळीला एक मोठी भेग होती. जुन्या लढाईत ब्रह्मी सैनिकांनी घातलेल्या कुऱ्हाडीचा तो घाव आहे, असं तिथले लोक मानतात, असं अक्कांनी सांगितलं. दादांनी त्या भेगेत बोट घातलं आणि म्हणाले, "सांगा ह्यांना, सायेब. ह्यांच्या ह्या दुश्मनांचा शेवटचा राजा आमच्या रत्नागिरीत कैदेत होता."

मी सांगितलं. देवळाची राखण करणारा एक म्हातारा जवळ आला. कमळं विकणाऱ्या बायका आल्या. श्रीलंकेचे डॉक्टर आले. दादांना श्रोते मिळाले आणि त्यांची कळी खुलली. इंग्रजांनी राजाला कसा आणला, त्याचा राजवाडा खाडीच्या वर कसा उभा आहे, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. एकेक वाक्य बोलून ते माझ्याकडे पाहायचे, मी इंग्रजी करायचो, अक्का थाई करायच्या, आणि मग तिसऱ्या टप्प्याला हशा पिकायचा तेव्हा दादा पुन्हा नव्याने हसायचे. म्हाताऱ्याने विचारलं, "मग तुम्ही त्याचं काय केलंत?"

"आमी काय करनार?" दादा म्हणाले. "इंग्रजान ठेवला. आमी शेजार केला."

सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. माझी बाही धरून म्हणाले, "आता ह्या नीट सांगा हां सायेब. माजी आजी त्या राजवाड्यावर लाकडाची मोळी टाकाय जायची. तिनं राजाला एकदा खिडकीत बगितलान. ती सांगायची, तो समुद्राकडं बगत उबा होता, आनि त्याला ऊन लागत होता तरी हालत नव्हता. आमी तीन म्हैने झाले आलो हाओ, तर मला माडाची सावली बगून रडू येतां. तो तर घरी गेलाच नाय. तेवडा ह्यांना सांगा. दुश्मन आसला तरी."

मी सांगितलं. अक्कांनी सांगितलं. ह्या वेळी तिसऱ्या टप्प्याला कोणी हसलं नाही. म्हातारा आत गेला आणि उदबत्त्यांची एक जुडी घेऊन आला. त्या राजाचं थडगं असेल तर तिथे लावा, म्हणाला. दादांनी ती दोन्ही हातांनी घेतली. रत्नागिरीला परतल्यावर घरी जाण्याआधी त्यांनी मला त्या समाधीकडे नेलं. चारी बाजूंनी गवत माजलं होतं. त्यांनी ते हातांनी उपटलं, उदबत्त्या लावल्या आणि मराठीत, सावकाश, मायेने म्हणाले, "वज्रपुरीवाल्यांनी धाडलीन हाय."

पुढे दहाएक वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मग ते निवृत्त होऊन खेडकडे गावी गेले. दिवाळीला पत्र यायचं, मुलाच्या हातचं, शेवटी दादांची तिरपी सही. एका वर्षी पत्र दिवाळीच्या आधीच आलं. दादा गेल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते.

मी खेडला उतरून दुसरी गाडी पकडली आणि वाडीत पोचलो तेव्हा दुपार टळली होती. वहिनींना मी त्यापूर्वी एकदाच भेटलो होतो. त्यांनी अंगणात खुर्ची मांडली, कोरा चहा दिला, आणि स्वतः पायरीवर बसल्या. रडून झालं होतं. मग मीच म्हणालो, "वहिनी, दादांनी सांगितलं की नाही ठाऊक नाही. तिकडे असताना एकदा मी त्यांना फार लागेल असं बोललो होतो."

"सांगितलानी," वहिनी म्हणाल्या. "आल्या दिवशीच सांगितलानी. म्हनाले, सायबाला माजी लाज वाटली. आनि मग म्हनाले, पन नंतर सायेब माजा एकेक शब्द इंग्लिशमदी बोल्ले, मी बोलायचो नि ते बोलायचे, लोक उबे राहून ऐकत होते. ह्या येईल जाईल त्याला सांगायचे. कोनाच्या लग्नात गेले तरी ह्याच."

वहिनींनी पदराने पायरी पुसल्यासारखं केलं.

"देवळांचा सांगायचे, राजवाड्यांचा सांगायचे, पंपांचा सांगायचे," त्या म्हणाल्या. "पन ते स्वता तिकडं कसे होते, ता कंदी सांगितला नाय. तुमी बगितलाव भावोजी. सांगा ना. कसे होते?"

मी विमानाच्या काचेपासून सुरुवात केली. 'ताई'च्या गोष्टीला त्यांनी तोंडाला पदर लावला, माकडाच्या गोष्टीला पदर बाजूला झाला आणि त्या मोकळ्या हसल्या. घरातून सुना बाहेर येऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर संध्याकाळची एसटी येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. मी उठू लागलो.

"जाऊ दे ती," वहिनी म्हणाल्या. "सकाळी दुसरी हाय. मग? माकडान सुकट नेलान, मग?"

मी खाली बसलो, आणि सांगू लागलो.